वेब सर्व्हिसेस आपोआप जोडायच्या कशा? सिमँटिक वेब वापरून पहिली साखळी

एपीआय वापरून काहीतरी बनवलेल्या कोणालाही हे काम माहीत असतं. एका सर्व्हिसला पत्ता द्यायचा, ती अक्षांश-रेखांश देते, ते उचलून दुसरीला द्यायचे, ती हवामान सांगते, पण तिचं तापमान फॅरनहाइटमध्ये येतं म्हणून तिसरीकडून सेल्सिअस करून घ्यायचं. मधली सगळी जोडणी आपण हाताने लिहितो, कारण कोणाचं कोणाशी जमतं हे डॉक्युमेंटेशन वाचून आपल्याला कळतं, मशीनला कळत नाही. आणि उद्या दुसरी सर्व्हिस बंद पडली की परत बसा, नवीन शोधा, तिची पानं वाचा, पुन्हा जोडा.

हे जोडकाम मशीनकडे द्यायचं, एवढाच इथला विषय. आपण फक्त म्हणायचं की माझ्याकडे पत्ता आहे, मला तिथलं तापमान सेल्सिअसमध्ये हवंय, आणि कोण आधी कोण नंतर हे प्रोग्रॅमने ठरवायचं. नवीन माणसं यात सगळ्यात आधी साखळी शोधणाऱ्या अल्गोरिदमच्या मागे लागतात, मीही तेच केलं होतं. पण खरं सांगायचं तर तो भाग सोपा आहे, थोडक्या ओळींत होतो. कस लागतो तो प्रत्येक सर्व्हिस काय करते हे नेमकं लिहिण्यात, आणि म्हणून या लेखातला जास्त वेळ मी तिथेच घालवणार आहे.

लागणार काय? जेसन आणि एचटीटीपी माहीत असावं, पायथन थोडं यावं. पायथनमध्ये आरडीएफलिब ही लायब्ररी टाका, जावावाले असाल तर अपाची जेना. ऑन्टॉलॉजी (म्हणजे क्लास आणि त्यांची नाती लिहिलेला शब्दसंग्रह) डोळ्यांनी बघायची असेल तर स्टॅनफर्डचं प्रोटेजे फुकट मिळतं, त्यात हर्मिट नावाचा रीझनर (लिहिलेल्या नात्यांतून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम) सोबतच येतो. पहिल्या दिवशी त्याची गरज नाही.

मागचं थोडं माहीत असू दे, कारण शोधायला गेलात की जुनी नावं समोर येतात आणि गोंधळायला होतं. २००१ च्या आसपास टिम बर्नर्स-ली वगैरे मंडळींनी सिमँटिक वेबची, म्हणजे वेबवरच्या माहितीचा अर्थ मशीनलाही कळावा अशी, कल्पना लोकांसमोर मांडली, २००४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने (वेबचे स्टँडर्ड ठरवणारी संस्था) औल ही ऑन्टॉलॉजीची भाषा पक्की केली, आणि त्याच वर्षी औल-एस हे सर्व्हिसचं वर्णन लिहायचं मॉडेल त्यांच्याकडे सादर झालं. २००७ मध्ये सॉ-डब्ल्यूएसडीएल आलं, ते जास्त साधं होतं, आहे त्या डब्ल्यूएसडीएल फाइलला (सर्व्हिसचं तांत्रिक वर्णन) अर्थाच्या खुणा जोडायच्या एवढंच. मग सगळं जग सोप (सर्व्हिसशी एक्सएमएलमध्ये बोलायची जुनी पद्धत) सोडून रेस्ट आणि जेसनकडे गेलं आणि ही कागदपत्रं मागे पडली. पण त्यातला विचार शिळा झालेला नाही. औल-एसचे तीन भाग (सर्व्हिस काय करते, कशी करते, तिला प्रत्यक्ष हाक कशी मारायची) आजही मला सगळ्यात स्वच्छ वाटतात, आणि खालच्या पायऱ्या थोड्याफार त्याच वाटेने जातात.

पायरी १: आधी कागदावर

कॉम्प्युटर उघडू नका. तीनच सर्व्हिस घ्या, वर सांगितल्या त्याच चालतील. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा: काय घेते, काय देते, चालण्याआधी काय खरं असायला हवं, आणि चालल्यानंतर जगात काय बदलतं. शेवटच्या दोन रकान्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. हवामान विचारल्याने जगात काही बदलत नाही, फक्त आपल्याला माहिती मिळते. तिकीट बुक केल्याने बदलतं, पैसे जातात, सीट जाते. हा फरक आत्ताच कागदावर आला पाहिजे, कारण प्लॅनर (साखळी ठरवणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे एकाच नजरेने बघायला लागला तर एक दिवस तो नुसतं 'बघण्यासाठी' बुकिंग करून बसेल.

पायरी २: छोटा शब्दसंग्रह

आता त्या रकान्यांत जे शब्द आले त्यांना पक्की ओळख द्यायची. आरडीएफ ही सिमँटिक वेबची माहिती लिहायची पद्धत, तिच्यात सगळं तीन तुकड्यांत लिहितात, कोण, कोणतं नातं, कोणाशी. याला ट्रिपल म्हणतात. टर्टल हे ट्रिपल लिहायचं सगळ्यात वाचनीय रूप आहे, आणि त्यात नावं देवनागरीतही चालतात, कारण आरडीएफमधली ओळख आयआरआयने (वेब पत्त्यासारखं पूर्ण नाव) ठरते आणि आयआरआयमध्ये युनिकोड चालतो. म्हणजे मी असं लिहू शकतो:

सेवा:पत्ताशोधक  श:घेते  श:पत्ता .
सेवा:पत्ताशोधक  श:देते  श:भूस्थान .
सेवा:हवामान  श:घेते  श:भूस्थान .
सेवा:हवामान  श:देते  श:फॅरनहाइटतापमान .
सेवा:एककबदल  श:घेते  श:फॅरनहाइटतापमान .
सेवा:एककबदल  श:देते  श:सेल्सिअसतापमान .

वर 'सेवा' आणि 'श' हे प्रीफिक्स आहेत, फाइलच्या सुरुवातीला त्यांचा पूर्ण आयआरआय एकदा सांगायचा. देवनागरीत लिहिणार असाल तर एक सांभाळा, आरडीएफ दोन आयआरआयची तुलना अक्षराला अक्षर लावून करतं. 'ॲ' हे एक कोडपॉइंट असलेलं अक्षरही आहे आणि 'अ' वर चंद्र देऊनही तसंच दिसतं. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला दोन वेगळे शब्द, आणि एरर येत नाही, साखळी फक्त सापडत नाही. म्हणून क्लासची (म्हणजे पत्ता, भूस्थान अशा प्रकारांची) नावं कीबोर्डवर पुन्हा टाइप करू नका, कॉपी करा.

शब्दसंग्रह स्वतः किती बनवायचा? कमीत कमी. अक्षांश-रेखांशासाठी डब्ल्यूथ्रीसीची जुनी जिओ व्होकॅब्युलरी आहे, माणसं-ठिकाणं-घटना यांसाठी स्कीमा डॉट ऑर्ग आहे, मोजमापाच्या एककांसाठी क्यूयूडीटी आहे, ज्याची सुरुवात नासामध्ये झाली. जे आहे ते वापरा, आणि जे खरंच नाही तेवढंच स्वतःच्या नावाने जोडा. सगळं विश्व बसवणारी ऑन्टॉलॉजी करायला बसलात तर सहा महिने जातील आणि एकही सर्व्हिस जोडली जाणार नाही, हे मी कळकळीने सांगतोय. दहा-बारा क्लास पुरतात.

क्लासची उतरंड मात्र लावा. पत्ता हा ठिकाणाचा एक प्रकार, भूस्थान हाही ठिकाणाचा एक प्रकार. हे सबक्लासचं नातं पुढच्याच पायरीला लागणार आहे.

पायरी ३: जमतंय का ते बघणं

पहिल्या सर्व्हिसचं आउटपुट दुसरीच्या इनपुटला चालतं का, हा सगळा प्रश्न. क्लास तोच असेल तर काही बोलायलाच नको. नसेल तर दिशा बघायची. पुढच्या सर्व्हिसला 'ठिकाण' हवंय आणि आपल्याकडे 'पत्ता' आहे, तर चालेल, कारण प्रत्येक पत्ता हे ठिकाणच आहे. उलट पुढच्या सर्व्हिसला 'भूस्थान' हवंय आणि मागची नुसतं 'ठिकाण' देते म्हणते, तर भरवसा नाही, कदाचित ती पत्ता देईल. तिसरी शक्यता, काहीच नातं नाही, सोडून द्या. पाओलुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या जुळणीच्या चार पातळ्या मांडल्या, एक्झॅक्ट, प्लगइन, सबझ्यूम आणि फेल, आणि नंतरच्या बहुतेक कामात हीच नावं फिरत राहिली. पण वाचताना लेबलवर जाऊ नका, कोणता क्लास कोणात बसतोय ते व्याख्येत बघा, कारण दिशा उलटी समजली की प्रोग्रॅम नेमक्या धोक्याच्या जोड्या सुरक्षित मानायला लागतो.

आरडीएफलिब स्वतः रीझनिंग करत नाही, हे नव्या माणसाला बराच वेळ कळत नाही आणि तो विचारत राहतो की सबक्लास लिहिलाय तरी क्वेरीत का येत नाही. साधा उपाय आहे. आरडीएफला प्रश्न विचारायची भाषा म्हणजे स्पार्कल, तिच्या १.१ आवृत्तीत, म्हणजे २०१३ पासून, प्रॉपर्टी पाथ आहेत, सबक्लासच्या नात्याच्या नावानंतर तारा (*) द्यायचा की तो शून्य किंवा कितीही पायऱ्या वर चढून बघतो. एवढ्यावर सुरुवातीचं सगळं काम भागतं.

पायरी ४: नुसत्या प्रकारांनी भागत नाही

ही पायरी नीट वाचा, बाकीच्या घाईत वाचल्या तरी चालेल.

समजा चौथी सर्व्हिस आली. ती पत्ता घेते आणि त्या पत्त्याला सगळ्यात जवळच्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश देते. वरच्या पद्धतीने लिहिलं तर काय होईल? घेते पत्ता, देते भूस्थान. पत्ताशोधकाचं वर्णनही अक्षरशः तेच! प्लॅनरला दोन्ही एकसारख्या, तो कोणतीही उचलेल, आणि आपल्याला घराऐवजी विमानतळावरचं तापमान मिळेल. आकडा अगदी खरा वाटेल, कोणाला शंकाही येणार नाही.

चूक प्रकारांची नाही, नात्याची आहे. हे भूस्थान कोणाचं, ते आपण लिहिलंच नाही. म्हणून वर्णन असं लिहायचं, आधी काय असायला हवं त्याचा एक नमुना आणि नंतर काय मिळेल त्याचा दुसरा, आणि दोन्हींत तोच व्हेरिएबल (? ने सुरू होणारं नाव, इथे ज म्हणजे जागा):

पत्ताशोधक
आधी:  ?ज  श:पत्ता  ?प .
नंतर:  ?ज  श:स्थान  ?भ .

विमानतळशोधक
आधी:  ?ज  श:पत्ता  ?प .
नंतर:  ?ज  श:जवळचाविमानतळ  ?व .   ?व  श:स्थान  ?भ .

हवामान
आधी:  ?ज  श:स्थान  ?भ .
नंतर:  ?ज  श:तापमान  ?त .   ?त  श:एकक  श:फॅरनहाइट .

आता दोघींमधला फरक मशीनला दिसतो. पहिलीत स्थान हे ज चं आहे, दुसरीत ते व चं आहे. आपलं ध्येय 'ज चं तापमान' असेल तर विमानतळाची वाट तिथे पोचतच नाही. गंमत अशी की 'जवळच्या विमानतळावरचं तापमान' हवं असेल तर तीच वर्णनं न बदलता तीही साखळी निघते.

यातून दुसराही एक प्रश्न सुटतो. दोन पत्त्यांमधलं अंतर हवंय, म्हणजे पत्ताशोधकाला दोनदा हाक मारावी लागणार. प्रकारांच्या हिशेबात 'माझ्याकडे पत्ता आहे' ही एकच खूण असते, दोन पत्ते आहेत हेच तिथे मावत नाही. नमुन्यांच्या पद्धतीत निघायची जागा आणि पोचायची जागा हे दोन वेगळे नोड असतात, नमुना दोघांवर वेगवेगळा बसतो आणि दोन हाका आपोआप येतात.

एककाचंही तेच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नुसता 'तापमान' असा एकच क्लास ठेवला होता, म्हटलं एकक काय, नंतर बघू. प्लॅनरने एककबदल सर्व्हिस गाळून टाकली, आणि त्याचं बरोबरच होतं, त्याच्या दृष्टीने तापमान मिळालेलं होतं, मग जास्तीची पायरी कशाला. समोर ६८ अंश आले. मी अर्धा दिवस शोधाच्या कोडमध्ये बग शोधत होतो आणि बग होता माझ्या वर्णनात.

हे सगळं बसवायला वेगळी भाषा शिकावी लागत नाही. 'आधी' चा नमुना म्हणजे स्पार्कलची व्हेअर बाजू (काय शोधायचं), 'नंतर' चा नमुना म्हणजे कन्स्ट्रक्ट बाजू (कोणते नवे ट्रिपल बनवायचे). प्रत्येक सर्व्हिसचं वर्णन म्हणजे एक कन्स्ट्रक्ट क्वेरी, झालं.

पायरी ५: साखळी शोधणं

आपल्याकडे जे आहे त्याचा एक छोटा ग्राफ (ट्रिपलचा संच) करा, ज ला पत्ता आहे एवढंच त्यात. मग प्रत्येक सर्व्हिसची क्वेरी त्यावर चालवा, जिचा 'आधी' नमुना बसेल तिचे 'नंतर' चे ट्रिपल ग्राफमध्ये घाला आणि कोणी घातले याची नोंद ठेवा. ध्येयाचा नमुना बसेपर्यंत हेच पुन्हा करा. पहिल्या फेरीत पत्ताशोधक आणि विमानतळशोधक दोन्ही बसतात. दुसऱ्या फेरीत हवामान दोन जागांवर बसतं, एकदा ज वर आणि एकदा विमानतळावर. तिसऱ्या फेरीत एककबदल बसतं आणि ध्येय पूर्ण होतं. मग ध्येयापासून मागे चालत यायचं, कोणती पायरी कोणावर टेकलीय ते बघत, आणि जिचा उपयोग झाला नाही ती टाकून द्यायची. विमानतळाची फांदी इथे गळून पडते आणि हातात तीन पायऱ्यांचा प्लॅन राहतो.

प्लॅन करताना खऱ्या व्हॅल्यू नसतात, सर्व्हिसला अजून हाक मारलेलीच नाही, म्हणून 'नंतर' मध्ये नव्याने येणारे ?भ सारखे व्हेरिएबल कन्स्ट्रक्टमध्ये ब्लँक नोड (नाव नसलेली जागा) म्हणून लिहायचे, नाहीतर ते ट्रिपल तयारच होत नाहीत. आणि इथेच प्रोग्रॅम लटकतो: दर फेरीला पत्ताशोधक पुन्हा ज वर बसतो, नवीन ब्लँक नोड तयार होतो, ग्राफ फुगत जातो, थांबतच नाही. उपाय म्हणजे चालवण्याआधी तपासा की याच ज साठी 'नंतर' चा नमुना आधीच बसतोय का, बसत असेल तर पुढे जा. वरून फेऱ्यांना एक कमाल मर्यादाही ठेवा.

सर्व्हिस वीस-तीस असतील तर हे पुरतं. शेकड्यांनी झाल्या की शोध फार पसरतो, कारण प्लॅनिंग हा मुळातच अवघड प्रश्न आहे. मग ध्येयापासून उलटं शोधणं बरं पडतं, किंवा कामाचे साचे आधी सांगून ठेवायचे (प्रवास म्हणजे तिकीट अधिक राहणं अधिक गावातली गाडी) आणि मशीनने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. शॉप-टू हा प्लॅनर औल-एसला जोडून २००४ च्या सुमारास हेच केलं गेलं होतं.

पायरी ६: प्रत्यक्ष हाक मारणं

प्लॅन ग्राफच्या भाषेत आहे, सर्व्हिस जेसन बोलते. मध्ये दोन भाषांतरं लागतात. जेसनमधून ट्रिपल करणं याला लिफ्टिंग म्हणतात, ट्रिपलमधून जेसन करणं याला लोअरिंग.

लिफ्टिंगला जेसन-एलडी कामाला येतं. एका सर्व्हिसच्या उत्तरात अक्षांशाची की (जेसनमधलं नाव) 'लॅट' असते, दुसरीच्यात 'लॅटिट्यूड', आपण बाहेरून एक कॉन्टेक्स्ट लावतो की ही की म्हणजे जिओ व्होकॅब्युलरीतला अक्षांश, आणि तेच जेसन आरडीएफ म्हणून वाचता येतं. सर्व्हिसवाल्याला काही बदलावं लागत नाही. आरडीएफलिबच्या ६ व्या आवृत्तीपासून हे आतच आहे.

पण कधीकधी उत्तरात की नसतेच, नुसती दोन आकड्यांची यादी असते. जिओजेसनमध्ये (नकाशावरच्या जागा जेसनमध्ये लिहायचा फॉरमॅट) तसंच आहे, आणि तिथे रेखांश आधी, अक्षांश नंतर, २०१६ च्या आरएफसी ७९४६ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. आपल्या तोंडात मात्र 'अक्षांश-रेखांश' बसलेलं. पॅरिस आहे अक्षांश ४८.८५, रेखांश २.३५ वर. उलटवा, आणि तुम्ही सोमालियाच्या किनाऱ्यापलीकडे हिंदी महासागरात आहात. दोन्ही आकडे दशांश, दोन्ही वैध, कुठलाही टाइप चेक हे पकडत नाही. यादीतल्या पहिल्या जागेला एक अर्थ आणि दुसऱ्या जागेला दुसरा, असं जेसन-एलडीच्या कॉन्टेक्स्टने सांगता येत नाही, म्हणून अशा सर्व्हिससाठी चार ओळींचं पायथन फंक्शन हाताने लिहा आणि त्याला एका माहीत असलेल्या जागेची टेस्ट लावा.

लोअरिंगला मी स्पार्कल सिलेक्ट क्वेरी करतो आणि आलेल्या व्हॅल्यू यूआरएलच्या किंवा जेसनच्या साच्यात भरतो. साधं आहे, चालतं.

पायरी ७: चालवताना

प्रत्येक उत्तर आलं की पुढे जाण्याआधी शॅकलने (ट्रिपल अटींत बसतात का ते तपासायची भाषा) तपासा. अक्षांश उणे ९० ते ९० मध्ये आहे का, तापमानाला एकक आहे का, अशा अटी शॅकलच्या शेपमध्ये लिहिता येतात, २०१७ पासून तो डब्ल्यूथ्रीसीचा पक्का स्टँडर्ड आहे. 'औलमध्ये तर लिहिलंय की तापमानाला एकक असतंच, मग वेगळं कशाला' असा प्रश्न येतो. औल खुल्या जगाच्या गृहीतकावर चालतं, एकक दिसलं नाही तर ते म्हणतं कुठेतरी असेल, आपल्याला माहीत नाही एवढंच. ते तक्रार करत नाही. आपल्याला इथे तक्रार करणाराच हवाय.

एखादी सर्व्हिस पडली तर ती काढून, आतापर्यंत मिळालेल्या खऱ्या ट्रिपलसकट, पुन्हा प्लॅन करा. सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही, पत्त्याचं स्थान मिळालेलं असेल तर ते ग्राफमध्ये आहेच.

आणि पायरी १ मधले 'जग बदलणारे' आठवा. त्यांच्यावर वेगळी खूण ठेवा, प्लॅनमध्ये त्यांना शक्य तितकं शेवटी ढकला, आणि चालवण्याआधी माणसाला विचारा. पैसे, बुकिंग, मेसेज पाठवणं, डेटा पुसणं, यातलं काहीही असेल तर टाइमआउट आल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न करू नका, पहिली हाक तिकडे पोचलेली असू शकते. कोणता आकडा कोणत्या सर्व्हिसकडून कधी आला हे प्रोव्ह-ओ व्होकॅब्युलरीत नोंदवून ठेवा, तोही ट्रिपलच आहे, त्याच ग्राफशेजारी राहतो.

वर्णनं लिहायचा कंटाळा हाच या सगळ्याचा जुना अडसर. हल्ली भाषा-मॉडेलला ओपनएपीआयची फाइल (एपीआयचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) दिली की ते पहिला मसुदा करून देतं, मीही करून घेतो, वेळ खूप वाचतो. फक्त 'आधी' आणि 'नंतर' च्या नमुन्यांतला व्हेरिएबल स्वतः वाचून बघा, स्थान कोणाचं, तापमान कोणाचं, कारण घसरतं ते नेमकं तिथेच.

सगळं चाललं की ही एक चाचणी घ्या. ग्राफमधून हवामान सर्व्हिसचं वर्णन काढा आणि थेट सेल्सिअस देणारी दुसरी हवामान सर्व्हिस घाला, तिच्या लिफ्टिंग-लोअरिंगसकट. तेच ध्येय पुन्हा द्या. प्लॅन तीनवरून दोन पायऱ्यांवर आला पाहिजे, एककबदल आपोआप गळलं पाहिजे, आणि शोधाच्या कोडमध्ये तुम्हाला एक ओळही बदलावी लागता कामा नये. लागलीच, तर त्या ओळीत वर्णनात असायला हवी होती अशी काहीतरी माहिती लपलेली आहे, ती शोधून ग्राफमध्ये हलवा आणि परत चालवा.